भूल चढताना, भूल उतरताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की ऑपरेशनबद्दल मनात जे काही असेल ते बिनधास्त विचारा, तर प्रश्नांचा ढीगच पडलाय. गंमत म्हणजे सर्जन काय कापणार, कसं शिवणार याची फार कुणाला पडलेली नाही, जवळजवळ सगळ्यांना विचारायचंय ते भुलीबद्दल. मी स्वतः भूल देणारी, त्यामुळे मला जरा बरंच वाटलं, नाहीतर एरवी पेशंट बरा होऊन घरी जातो तेव्हा सर्जनचे आभार मानतो आणि आमचा चेहराही त्याला आठवत नसतो. (तो का आठवत नाही ते शेवटच्या पत्रात येईलच.) एक मात्र आधीच सांगते, तुमचे डॉक्टर तुमचे रिपोर्ट बघून बोलतात आणि मी नुसतं पत्र वाचून बोलतेय, त्यामुळे दोघांचं जुळलं नाही तर त्यांचं ऐका.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे, वय ५२, आयुष्यात पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले पूर्ण भूल देऊ, तुम्हाला काही कळणार नाही. पण मला नेमकं तेच नकोय. त्या दरवाज्याच्या आत काय काय होतं ते क्रमानं सांगाल का?

सांगते, अगदी वॉर्डपासून.

सकाळी तुम्हाला मागून नाड्यांचा गाऊन देतील, आत काही घालायचं नाही. ते सगळ्यांनाच लाजिरवाणं वाटतं पण एकदा भूल चढली की माणसाचे कपडे काढत बसणं फार कटकटीचं असतं हो, म्हणून ते आधीच. मग सर्जन येऊन ज्या बाजूचा हर्निया आहे तिथं मार्करनं खूण करतील. ही खूण तुम्ही जागे असताना व्हायला हवी आणि बरोबर बाजूला आहे ना हे तुम्हीही बघायचं, डॉक्टरांना माहीत असणारच म्हणून मान फिरवून पडू नका. त्या भागातले केस काढायचे असतील तर तिथं क्लिपरनं काढतात. घरून ब्लेड मारून येऊ नका, ब्लेडनं कातडीवर बारीक बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तेवढी जागा पुरते.

यानंतर सुरू होतो नाव विचारायचा कार्यक्रम. वॉर्डमधली सिस्टर विचारेल, ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात विचारतील, भूलतज्ज्ञ विचारेल, टेबलावर परत विचारतील, आणि चौथ्या वेळेला पेशंट हमखास वैतागतो, अहो फाईलवर लिहिलंय ना. वैतागा, पण उत्तर द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली १९ मुद्द्यांची एक चेकलिस्ट काढली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंटला ओटीबाहेर काढण्याआधी असं तीनदा सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्यानं बोलायचं, पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, अँटिबायोटिक गेलं का. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांमध्ये ही वापरून बघितली तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, ते आकडे २००९ साली छापून आले. ना नवीन मशीन ना महागडं औषध, नुसतं थांबून एकमेकांना विचारायचं! मला तर आजही त्याचं नवल वाटतं.

आत गेल्यावर पहिली जाणवते ती थंडी, नुसत्या गाऊनवर तर जास्तच. अंगावर काहीतरी टाका म्हणून बिनधास्त सांगा, अंग गार पडलेलं आम्हालाही नकोच असतं, त्यानं रक्त गोठायला वेळ लागतो आणि जखमेत इन्फेक्शनचा धोका वाढतो. टेबल अरुंद असतं, कूस बदलली तर पडू की काय असं वाटतं, म्हणून मांड्यांवरून पट्टा बांधतात. मी स्वतः पित्ताशयाच्या ऑपरेशनला त्या टेबलावर आडवी झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पेशंटला उलटा दिसतो, त्यातून टोपी आणि मास्क, म्हणजे नुसते दोन उलटे डोळे आपल्याशी बोलतायत. इतकी वर्षं मी पेशंटच्या डोक्याशी उभी राहून 'घाबरू नका' म्हणत होते आणि माझे उलटे डोळे बघून ते बिचारे आणखी घाबरत असणार. तेव्हापासून मी आधी बाजूला येते, मास्क खाली करून चेहरा दाखवते, नाव सांगते आणि मगच डोक्याशी जाते.

मग छातीवर चिकटपट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा, जो दर पाचेक मिनिटांनी आपला आपण आवळतो, आणि बोटाला चिमटा. हा चिमटा माझा सगळ्यात लाडका. १९७४ च्या सुमाराला ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरला त्यामागची कल्पना सुचली, त्याआधी रक्तातला ऑक्सिजन कमी झालाय हे पेशंटचे ओठ निळे पडल्यावर समजायचं. त्याचा जो टिक टिक आवाज येतो ना, तो नुसता नाडीचा ठोका नाही, ऑक्सिजन खाली जायला लागला की त्या आवाजाची पट्टी उतरत जाते. शंभरला वरचा सूर, नव्वदला बराच खालचा. त्यामुळे मी पाठमोरी उभी राहून औषध भरत असले, कुणाशी बोलत असले तरी कान तिथंच असतो, सूर जरासा पडला की मान आपोआप वळते. हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगतेय की झोपण्याआधी तो आवाज ऐकून घ्या, तुम्ही झोपल्यावर तो मी ऐकत राहणार असते.

तोंडावर मास्क येईल, प्लॅस्टिकचा वास येईल, आत नुसता ऑक्सिजन असतो. तीनेक मिनिटं सावकाश मोठे श्वास घ्यायचे, त्यानं फुप्फुसात ऑक्सिजनचा साठा होतो आणि तो पुढं आम्हाला उपयोगी पडतो. मग सलाईनमधून एक दुधासारखं पांढरं औषध जातं. ते हातातून वर चढताना चुरचुरतं, काहींना चांगलंच झोंबतं, आम्ही आधी बधिर करणारं औषध देतो तरीसुद्धा. दहापासून उलटे आकडे म्हणा असं सांगितलं तर सातच्या पुढं जाणारा माणूस विरळाच.

इथून पुढचं तुम्हाला कळत नाही, पण तुम्हाला हवंय म्हणून सांगते. स्नायू ढिले करणारं औषध दिलं जातं, घशातून श्वासनलिकेत नळी जाते, मशीन तुमच्यासाठी श्वास घेतं. डोळे चिकटपट्टीनं बंद करतात कारण भुलीत पापणी नीट मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. मांडीला एक मोठं चिकट पॅड लावतात, सर्जन ज्या कॉटरीनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या हत्यारानं, रक्त थांबवतात तिचा करंट त्यातून परत जातो. पोटाला जंतुनाशक फासून वर हिरवी किंवा निळी कापडं, आणि मग एवढासा चौकोन उघडा राहतो. सर्जन तो चौकोन बघतात आणि मी बाकीचा माणूस बघते. भूल देऊन भूलतज्ज्ञ निघून जातो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं. बीपी, नाडी, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, रक्त किती गेलं, तापमान, हे सगळं बघत, औषध कमी जास्त करत कुणीतरी शेवटपर्यंत तिथं असतंच.

काम संपलं की औषधं बंद, स्नायूंवरच्या औषधावर उतारा, आणि तुम्ही आपला श्वास आपण घेताय, सांगितल्यावर डोळे उघडताय असं दिसलं की नळी बाहेर. घसा एक दोन दिवस खवखवेल, अंगात हुडहुडी भरेल, ओकारीसारखं होईल कदाचित. यातलं काही झालं म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं नाही. गाडी लागण्याचा त्रास असेल तर आधीच सांगा, अशा लोकांना आणि बायकांना भुलीनंतर उलट्या जास्त होतात, आम्ही त्याचं औषध आधीच देऊन ठेवतो. आणि हो, त्या दिवशी संध्याकाळी फार ताजंतवानं वाटलं तरी चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि कसल्याही महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही.

प्रश्न: ऑपरेशन चालू असताना मधेच जाग आली तर? सिनेमात बघितल्यापासून डोक्यातून जात नाही.

सिनेमावाल्यांनी आमचं फार नुकसान केलंय. असं होतं का, तर हो, क्वचित होतं, नाही म्हणणं खोटं ठरेल. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ साली तिचा अहवाल आला, त्यात साधारण १९ हजार पूर्ण भुलींमागे एका पेशंटनं अशी तक्रार केली होती. स्नायू ढिले करणारं औषध दिलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त, सुमारे ८ हजारांत एक, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण ज्याला ते दिलेलं नाही त्याची भूल जरा हलकी झाली की तो हात हलवतो, आम्हाला दिसतं. ज्याला दिलंय तो हलू शकत नाही. म्हणून अशा वेळी आम्ही नाडी, बीपी, श्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण, सोय असेल तर कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी, हे सगळं बघत बसतो.

आणखी एक, त्या तक्रारींमधल्या बऱ्याचशा ऐन ऑपरेशनातल्या नव्हत्याच, भूल चढताना किंवा उतरतानाच्या होत्या. म्हणजे ऑपरेशन संपलंय, टाके झालेत आणि नळी अजून घशात असताना कुणीतरी 'डोळे उघडा' म्हणतंय एवढं आठवतं. ते घाबरवणारं वाटू शकतं, पण ते काही सेकंद असतात हे आधी माहीत असलं की त्याची तेवढी भीती उरत नाही. कुणाला खरोखरच मधलं काही आठवत असेल तर मात्र गप्प बसू नका, दुसऱ्याच दिवशी सांगा, आणि पुढच्या वेळी नवीन भूलतज्ज्ञालाही सांगा.

तुमच्या मनातली भीती जुनीच आहे म्हणा. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दातांच्या डॉक्टरनं सगळ्यांसमोर इथर नावाचं भुलीचं औषध हुंगवून एकाच्या मानेवरची गाठ काढू दिली, त्याआधी चार जण पेशंटला धरून ठेवायचे आणि जो सर्जन झटपट कापेल तो भारी समजला जायचा.

प्रश्न: माझं सिझेरियन ठरलंय. पाठीत इंजेक्शन घेतलं की आयुष्यभर कंबर दुखते असं सासूबाई आणि शेजारच्या काकू दोघी म्हणतात. आणि जागं राहून ते सगळं सहन कसं करायचं?

ताई, सासूबाई आणि काकूंना दुखतंय ते खरं असेल पण दोष सुईचा नाही. नऊ महिने पुढं वजन घेऊन कंबरेचा बाक बदलतो, सांधे सैल होतात, मग बाळ झाल्यावर वाकून वाकून पाजणं, उचलणं. ज्यांचं बाळंतपण इंजेक्शनशिवाय झालं त्यांच्याही कमरा दुखतातच की. सुई अगदी बारीक असते, टोचल्या जागी दोन चार दिवस ठुसठुसेल एवढंच.

देताना तुम्हाला बसवून किंवा कुशीवर घेऊन पाठ मांजरासारखी बाहेर काढायला सांगतील. पोट मधे येतं, माहितीये, जमेल तेवढं करा. ते इंजेक्शन मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खालच्या मणक्यांमधे देतात, म्हणून 'लकवा मारेल' ही भीतीही सोडा. औषध गेलं की पायात छान ऊब येते, मग मुंग्या, मग पाय आपले नाहीतच असे जड. सर्जन आधी चिमटा काढून बघतात, मी थंड स्प्रे मारून बघते, गार लागत नाही म्हटल्याशिवाय कुणी सुरू करत नाही.

आता नीट ऐका, कारण हे बऱ्याच जणींना आधी कुणी सांगत नाही. दुखणं जातं, स्पर्श पूर्ण जात नाही. हात लावलेला, ओढलेलं, पोटात कुणीतरी बोचक्यातलं सामान शोधतंय असं सगळं जाणवतं आणि बाळ काढताना बरगड्यांखाली चांगला दाब येतो. मधेच मळमळतं, कारण बीपी उतरतं, तेव्हा लगेच बोला, औषध हातातच असतं. दुखलं तर तेही बोला, 'सहन करते' म्हणायचं बक्षीस मिळत नाही. समोर पडदा असतो, दिसत काही नाही.

कंबरदुखी नाही, पण डोकेदुखीचं मात्र खरं आहे, शंभरातल्या एखादीला होते. जिथं सुई गेली तिथून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपत राहिलं तर बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. ही खूण लक्षात ठेवा आणि तसं झालं तर कळवा, त्यावर इलाज आहे. याचा किस्सा पण भारी आहे. १८९८ साली जर्मनीत आउगुस्त बीअर नावाच्या सर्जननं पाठीतली भूल पहिल्यांदा पेशंटला दिली, मग त्यानं आणि त्याच्या असिस्टंटनं एकमेकांवर प्रयोग केला. असिस्टंटच्या नडगीवर हातोडी मारून बघितली, पेटती सिगार टेकवून बघितली, गड्याला काही कळेना. दोघं खुशीत आणि दुसऱ्या दिवसापासून दोघांची डोकी अशी धरली की बीअरला कित्येक दिवस उठवेना. तेव्हाच्या सुया जाड होत्या, आताच्या बारीक झाल्या त्या त्यामुळंच.

प्रश्न: उपाशी राहायला सांगतात ते किती मनावर घ्यायचं? सकाळी दहाचं ऑपरेशन आणि आठला दोन बिस्किटं खाल्ली तर काय बिघडतं?

बिघडतं. भूल चढली की घशाचा तो दरवाजा, जो एरवी ठसका लावून आपल्याला वाचवतो, तो काम करेनासा होतो. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात. एका बाईंनी मला अशीच दोन बिस्किटं लपवली होती, ऑपरेशन पुढं ढकलतील म्हणून. भूल चढता चढता ती बिस्किटं माझ्या सक्शनच्या, म्हणजे तोंडातलं ओढून घ्यायच्या, नळीत आली, नळी हातात तयार होती म्हणून निभावलं, पण माझे हात त्यानंतर तासभर गार होते. रागावण्यापेक्षा मला वाईट वाटलं, कारण खरं सांगितलं असतं तर फार तर काही तास उशीर झाला असता.

हिशोब असा, हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट किंवा जड असेल तर आठ तास, तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत, आणि साधं पाणी बहुतेक लोकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध घातलेला चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यातच धरायचा. उलट बाजूही सांगते, रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि नंबर लागतो दुपारी दोनला, हे पण चुकीचंच आहे, जीभ टाळ्याला चिकटते, म्हाताऱ्या माणसांना चक्कर येते. पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं हे वेळ धरून स्पष्ट विचारून घ्या.

गोळ्यांचंही तसंच. बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या घोटभर पाण्याबरोबर सकाळी घ्यायच्या असतात, शुगरच्या बहुतेक नसतात, रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते ऑपरेशन आणि हृदय दोन्ही बघून ठरतं, आपल्या मनानं बंद करायची नाही. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा, त्यानं पोट रिकामं व्हायला फार वेळ लागतो. झाडपाल्याची औषधंसुद्धा सांगा, 'ते काय औषध नाही' असं म्हणू नका.

प्रश्न: नेलपॉलिश, कवळी, अंगठी?

सगळं घरी. नेलपॉलिशमुळं बोटाचा चिमटा चुकीचं दाखवू शकतो, कवळी घशात जाऊ शकते, अंगठीखाली बोट सुजलं तर कापूनच काढावी लागते. हलणारा दात असेल तर तो कुठला ते बोट लावून दाखवा, नळी घालताना आम्ही त्याला जपतो.

प्रश्न: मी रोज पितो, सिगारेट पण चालू आहे. भूलतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा बायको आणि मुलगी शेजारी बसली होती, म्हणालो कधीतरी. आता टोचतंय. सांगणं खरंच इतकं गरजेचं आहे का?

हो, आणि तुम्ही हे लिहिलंत हेच मला फार आवडलं. फोन करा, नाहीतर ऑपरेशनच्या आधी 'डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय' म्हणा, ते घरच्यांना बाहेर पाठवतील. तुमची परवानगी नसेल तर आम्ही ते घरी सांगत नाही. खरं म्हणजे चूक त्या डॉक्टरांचीही आहे, असे प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचेच नसतात, पण गर्दीत होतं असं.

आम्हाला ते का हवं असतं? रोज पिणाऱ्याला काही औषधं कमी लागू पडतात, लिव्हर दमलेलं असलं तर काहींचा असर लांबतो, हे झालं ऑपरेशनपुरतं. खरा घोळ पुढंच होतो. हॉस्पिटलमध्ये अचानक दारू थांबते आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम, भास, माणूस सलाईन उपटून पळायला बघतो आणि वॉर्डमध्ये सगळे शोधत बसतात की हे झालं कशानं. आधी माहीत असेल तर त्याची औषधं वेळेवर सुरू करता येतात. म्हणून आता घाबरून एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून करा.

सिगारेट मात्र आज सोडली तरी फायदा आहे, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बराच उतरतो आणि रक्त ऑक्सिजन नीट वाहायला लागतं. फुप्फुसं सावरायला चार आठवडे तरी लागतात, तेवढा वेळ हातात असेल तर सोनंच.

प्रश्न: दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पोट ठीक आहे पण उजवा खांदा इतका का दुखतोय? टेबलावर हात पिरगळला का कुणी?

नाही हो. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट फुग्यासारखं फुगवावं लागतं, त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. शेवटी थोडा उरतोच, आणि पोट ताणलेलंही असतं, त्यानं छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा चिडतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदना नेणाऱ्या नसाही मानेत तिथूनच निघतात, त्यामुळे मेंदूचा गोंधळ होतो आणि दुखणं पडद्याचं असून खांदा दुखतो. मला स्वतःला अडीच दिवस होतं, यामागचं कारण तोंडपाठ असूनसुद्धा मी खांद्याला मलम लावून बघितलं! चालत फिरत राहिलं की लवकर जातं. धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला, पोट कडक झालं तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच दाखवा.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन छान झालं म्हणाले, पण त्या रात्रीपासून ते मला ओळखेनात, भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाले. दोन दिवसांनी ठीक झाले. भुलीनं डोक्यावर परिणाम झाला का?

हे बघताना घरच्यांचा जीव अर्धा होतो. याला डिलिरियम म्हणतात, वय झालेल्यांना मोठ्या ऑपरेशननंतर होतो, खुब्याच्या ऑपरेशननंतर तर बराच. कारण एकटी भूल नसते, दुखणं, अर्धवट झोप, अंगातलं पाणी कमी होणं, लघवी तुंबणं, इन्फेक्शन, नवीन औषधं, नवीन जागा, सगळं मिळून होतं, म्हणूनच पाठीतल्या भुलीनंतरसुद्धा होतं. बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो, काहींना जास्त वेळ लागतो.

पुढच्या वेळी एक करा. चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर आल्या आल्या परत द्यायला सांगा. विचार करा, दिसत नाही, ऐकू येत नाही, खोली अनोळखी, आणि मास्क घातलेली माणसं अंगाला हात लावतायत, कुणीही भेदरेल. समोर घड्याळ दिसू द्या, दिवसा उजेड, रात्री अंधार, शेजारी घरचं माणूस, आणि भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाले तर वाद घालू नका, नुसता हात धरून बसा.

प्रश्न: दीड तास सांगितला होता, साडेतीन तास लागले. बाहेर आमचे प्राण कंठाशी. आतून कुणी येऊन सांगत का नाही?

सांगायला हवं, यात मी आमच्या लोकांची बाजू घेणार नाही. पण सर्जन दीड तास म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात चीर ते टाके एवढंच असतं. आत नेल्यावर भूल, नळ्या, पोझिशन यात अर्धा पाऊण तास जातो, शेवटी जाग आणण्यात वीसेक मिनिटं, मग रिकव्हरी रूममध्ये तास दीड तास. आधीच्या पेशंटला उशीर झाला असेल तर तुमचा माणूस आत जाऊन नुसता वाट बघत पडलेला असतो. त्यामुळे आधीच विचारायचं की 'आम्हाला तो परत कधी दिसेल', मग खरा आकडा मिळतो.

आणि कधी कधी वेळ भलत्याच गोष्टीत जातो. सुरुवातीला सिस्टर गॉज, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, मोजून घेतात, दोघी मिळून, मोठ्यानं, फळ्यावर लिहून, आणि पोट बंद करण्याआधी परत मोजतात. एकदा तीसचे एकोणतीस भरले. सर्जन हात वर धरून उभे, सिस्टरनी बादली पालथी केली, कापडं झटकली, मी टेबलाखाली वाकून बघतेय, पेशंट माझ्या मशीनवर शांत श्वास घेतोय. त्या गॉजमध्ये एक निळा दोरा असतो जो एक्स-रेत दिसतो, शेवटी एक्स-रेचं मशीन आणायला माणूस धावला, तेवढ्यात तो गॉज असिस्टंटच्या बुटाच्या तळव्याला चिकटलेला सापडला. वीस बावीस मिनिटं गेली यात. बाहेर नातेवाईक घड्याळ बघत होते आणि त्यांना कुणी सांगणार तरी काय, की आम्ही बूट तपासतोय.

प्रश्न: भुलीत माणूस मनातलं खरं खरं बोलून टाकतो का? (घरी सांगू नका मी विचारलं म्हणून.)

नाही सांगत. पूर्ण भुलीत घशात नळी असते, बोलणार कसं. उतरताना लोक पुटपुटतात पण त्यातलं निम्मं ऑक्सिजनच्या मास्कमध्येच राहतं आणि उरलेलं ऐकायला आम्हाला सवड नसते. शिवाय भीती घालवायला आधी जे इंजेक्शन देतो त्यानं आसपासचं बरंचसं पुसलं जातं, म्हणून आम्ही कुणाला आठवत नाही. परवाच एका आजोबांशी मी ऑपरेशनच्या आधी टेबलाशी बसून चांगल्या गप्पा मारल्या होत्या, त्यांच्या नातीच्या परीक्षेपासून गुडघ्यांपर्यंत. जागे झाल्यावर त्यांनी चष्मा मागितला, तो लावून माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, आजोबा, मी तीन तास तुमच्या उशाशीच होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बरं झालं भेटलात, जरा बघा ना बाई, हे लोक ऑपरेशन कधी सुरू करतायत.